जुन्या रॉक कॉन्सर्टची दुर्मीळ रेकॉर्डिंग: मूळ टेपपर्यंत कसं पोहोचायचं?

तारषड्ज

१९६५ ते १९८० च्या दरम्यानच्या रॉक कॉन्सर्टची रेकॉर्डिंग शोधणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. "अमुक शो मिळेल का?" या प्रश्नाने सुरुवात केली की बहुतेक वेळा तो शो मिळतो, पण पाचव्या-सहाव्या पिढीची (प्रतीवरून प्रत काढत आलेली), वेग बिघडलेली, मधेच एमपीथ्री होऊन आलेली प्रत हाती लागते. एकाच रात्रीची अनेक रूपं फिरत असतात. त्यामुळे शोच्या नावाआधी त्या प्रतीची वंशावळ विचारायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

रेकॉर्डिंग मुख्यतः चार वाटांनी येतं. प्रेक्षकांत बसून माइकने केलेलं, म्हणजे ऑडियन्स. मिक्सरमधून थेट घेतलेलं, म्हणजे साउंडबोर्ड. रेडिओवरून उतरवलेलं, म्हणजे एफएम. आणि रेडिओ केंद्राला प्रसारणासाठी पाठवलेल्या रिळावरून किंवा तबकडीवरून घेतलेलं, त्याला प्री-एफएम म्हणतात. ऑडियन्स आणि साउंडबोर्ड जुळवून एकत्र केलं की मॅट्रिक्स.

साउंडबोर्ड म्हणजे आपोआप उत्तम, असं मानू नका. मिक्सरमधून येतं ते सभागृहातल्या स्पीकरसाठी केलेलं मिश्रण. छोट्या सभागृहात गिटारचा अँप्लिफायर मुळातच मोठा वाजत असतो, त्यामुळे मिक्सरवर गिटारला फारसं उचललेलं नसतं. टेपवर मग गळा आणि ड्रम पुढे, गिटार कुठेतरी मागे. चांगल्या जागेवरून केलेलं ऑडियन्स अशा वेळी कितीतरी जास्त खरं ऐकू येतं.

चांगल्या प्रतीबरोबर एक टेक्स्ट फाइल असते. तिच्यात क्रम असा हवा: माइक, रेकॉर्डर, मूळ कॅसेट की रीळ, मध्ये झालेल्या प्रती, ज्या डेकवर वाजवलं तो डेक, साउंडकार्ड, सॉफ्टवेअर, फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल). क्रमात "अज्ञात पिढी" लिहिलेलं असेल तर तेही प्रामाणिकच आहे. पण टेक्स्ट फाइलच नसेल तर दुसरी प्रत शोधा.

खर्ज

वाचनखूण साठवली. एक शंका. ग्रेटफुल डेड या बँडचा कॉर्नेल विद्यापीठातला ८ मे १९७७ चा शो आर्काइव्ह डॉट ऑर्गवर दिसतो, पण साउंडबोर्ड उतरवून घेता येत नाही. काही चुकतंय का?

तारषड्ज

चुकत नाही. २००५ च्या नोव्हेंबरपासून तिथे डेडची साउंडबोर्ड फक्त ऐकता येतात. ऑडियन्स रेकॉर्डिंग मात्र उतरवता येतात. बँडने प्रेक्षकांच्या रेकॉर्डिंगला कधी फारसा विरोध केला नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या शोपासून तर टेप करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे वेगळी तिकिटं आणि वेगळी जागा सुरू झाली. यादीत 'एफओबी' दिसलं तर समजा, माइक मिक्सरच्या पुढे होता. स्टेजच्या जवळ असल्याने तो आवाज साधारणपणे जास्त स्पष्ट असतो.

कॉर्नेलची कथा वंशावळीचं महत्त्व सांगणारी आहे. ते रेकॉर्डिंग बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांचं. त्यांची रिळं भाड्याच्या गोदामात होती. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये सगळा माल लिलावात गेला. त्यानंतर त्या रिळांच्या प्रती चाहत्यांत पसरल्या, म्हणून त्यांना 'बेटी बोर्ड' म्हणतात. मे २०१७ मध्ये तोच शो अधिकृतपणे निघाला. तो विकत घ्या. फिरत्या प्रतींच्या मागे लागायचं कारण त्या शोपुरतं संपलं.

हाच नियम सगळीकडे लावा: शोध सुरू करण्याआधी अधिकृत काय निघालंय ते बघा. किंग क्रिमझनने आपल्या संकेतस्थळावर कितीतरी शो विकायला ठेवलेत, त्यांत प्रेक्षकांनी केलेली रेकॉर्डिंगही आहेत. फ्रँक झप्पाने तर १९९१ मध्ये लोकांनी परवानगीविना काढलेले बूटलेगच स्वतः अधिकृत करून विकले.

साडेसात_इंच

वंशावळ कागदावर कितीही छान असली तरी फाइल स्वतः तपासायची. नाव फ्लॅक असलं म्हणजे आत एमपीथ्री नसेलच असं नाही. स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या उंचीचे सूर किती आहेत याचं चित्र) उघडा. सरळ रेषेत कापल्यासारखा वरचा भाग रिकामा दिसला की संशय घ्या. १२८ केबीपीएस एमपीथ्री साधारण १६ किलोहर्ट्झला कापली जाते, ३२० ची साधारण २० ला. यूट्यूबवरून उतरवलेल्या एएसी आवाजातही १६ च्या आसपास अशीच भिंत दिसते.

इथे घाई करू नका. जुन्या कॅसेटमध्ये १२-१४ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही उरलेलं नसतंच. पण तिथे आवाज हळूहळू विरतो आणि वर टेपची खरखर धुरकट पसरलेली दिसते. एमपीथ्रीत खरखरसुद्धा त्याच रेषेला तुटते. खरखरीला कडा असेल तर ती प्रत टाकून द्या.

एफएमचं वेगळं. स्टीरिओ प्रसारणात आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच असतो आणि १९ किलोहर्ट्झवर पायलट टोनची (प्रसारण स्टीरिओ असल्याची खूण देणाऱ्या सततच्या सुराची) बारीक, सरळ रेघ असते. १५ ला कापलेलं दिसलं म्हणून चांगलं एफएम एमपीथ्री समजून फेकू नका. उलट कोणी 'प्री-एफएम' म्हणून दिलं आणि १९ वर रेघ दिसली, तर ते रेडिओवरून उतरवलेलं आहे.

निषाद

लेड झेपेलिनच्या दोन प्रती ताडून बघतोय. शो एकच, पण एक प्रत जवळजवळ अर्धा सूर चढी आहे. गिटार घेऊन सूर जुळवावा आणि तेवढा वेग कमी करावा, की आणखी काही खात्रीचं साधन आहे?

साडेसात_इंच

निषादजी, गिटारवर विसंबू नका. त्या काळात बँड नेहमी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरालाच वाद्यं लावत असत असं नाही. स्टेजवरच्या विजेची 'हम' जास्त भरवशाची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, ब्रिटनमध्ये आणि युरोपात ५० ची. अँप्लिफायरमधली ती घुरघुर माइकनेही पकडलेली असते. गाणी थांबलेल्या शांत जागी ती सापडते.

पायऱ्या अशा. दोन गाण्यांमधली सतरा ते वीस सेकंदांची शांत जागा निवडा. त्या तुकड्याची वेगळी प्रत करून ती ४,००० हर्ट्झवर रीसँपल करा (सेकंदाला ४,००० नमुने). मग ऑडॅसिटीत प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइझ ६५५३६. रीसँपल करण्याचं कारण असं की ४४,१०० वर या साइझला दोन बिंदूंमधलं अंतर ०.६७ हर्ट्झ येतं. ५० हर्ट्झच्या रेघेवर ही सव्वा टक्क्याहून मोठी चूक झाली. ४,००० वर तेच अंतर ०.०६ वर येतं. १०० आणि १५० वरचे तिचे पटही बघा, ते कित्येकदा मुख्य रेघेपेक्षा ठळक असतात.

समजा लंडनच्या शोमध्ये ५० ऐवजी ५१.५ मिळालं. म्हणजे प्रत ३ टक्के जलद आहे. पण दुरुस्ती उणे ३ नाही. ५० भागिले ५१.५ म्हणजे ०.९७०९, म्हणून उणे २.९१ टक्के. हे 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्तीत 'चेंज स्पीड') मध्ये घालायचं. 'चेंज पिच' किंवा 'चेंज टेम्पो' लावलंत तर वेग आणि सूर यांची फारकत होते आणि आवाजाची चिरफाड होते. तुमच्या प्रतीतला अर्धा सूर म्हणजे जवळपास ६ टक्के, त्यामुळे हे अंतर लगेच दिसेल.

आता यात फसायला कुठे होतं ते सांगतो. प्रतीमध्ये दोन हम असू शकतात: एक शोची, दुसरी नंतर कोणीतरी डबिंग करताना शिरलेली. अमेरिकेतल्या शोची कॅसेट भारतात किंवा इंग्लंडमध्ये कॉपी झाली असेल तर ६० च्या आसपास एक रेघ आणि ५० च्या आसपास दुसरी, अशा दोन्ही दिसतात. शोची रेघ संगीताबरोबर हलते. डबिंगची रेघ आपली आपण स्थिर असते. वेग मोजायचा तो हलणाऱ्या रेघेवरून.

आणि ती हलतेच, कारण लपवून नेलेला रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. सेल उतरत गेले की टेप हळू सरकते, आणि हळू सरकत भरलेली टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. म्हणून शोच्या सुरुवातीला १ टक्का आणि शेवटी ४ टक्के, असं सापडतं. सगळ्या शोला एकच आकडा लावू नका. प्रत्येक बाजूचं सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं माप घ्या. मध्येच सूर एकदम खाली आला तर तिथे सेल बदललेले असणार.

पडघम

हम वरून देशही ओळखता येतो. पोलीस हा बँड २६ मार्च १९८० ला मुंबईत वाजला होता. त्या रात्रीची म्हणून कोणी टेप दिली आणि तिच्यात संगीताबरोबर हलणारी रेघ ६० च्या आसपास असेल, तर ती अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशातल्या एखाद्या रात्रीची आहे, मुंबईची नव्हे. फक्त उघड्यावरच्या शोला जनरेटर असेल तर आकडा थोडा भरकटतो, तेवढं लक्षात ठेवावं. पण ५० आणि ६० मधलं अंतर जनरेटरने भरून निघत नाही.

तारखेबद्दल थोडं. लेबलवरची तारीख ही फक्त कोणीतरी सांगितलेली गोष्ट असते. बॉब डिलनचं सगळ्यात गाजलेलं १९६६ चं इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं 'रॉयल अल्बर्ट हॉल' या नावाने फिरलं. प्रत्यक्षात ते मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधलं, १७ मे १९६६ चं. प्रेक्षकांतून "जूडस!" अशी आरोळी येते तोच हा शो. १९९८ मध्ये अधिकृत निघालं, तेव्हाही मुखपृष्ठावर ते जुनं नाव अवतरणचिन्हांत ठेवलं होतं, कारण लोक त्याला त्याच नावाने ओळखत होते.

पिंक फ्लॉइडच्या १९७७ च्या दौऱ्यात मात्र सोय आहे. 'पिग्ज' या गाण्यात रॉजर वॉटर्स मधेच एक आकडा ओरडतो. तो त्या दौऱ्यातल्या शोचा क्रमांक असतो. आकडा ऐका, दौऱ्याच्या यादीत मोजा, तारीख हाती.

इतर वेळी गाण्यांची यादी सगळ्यात कमी उपयोगाची, कारण एकाच दौऱ्यात रोज तीच गाणी. सोलो ताडून बघा. एखादा लांब सोलो दोन रात्री स्वर न् स्वर सारखा वाजत नाही. गाण्यांमधलं बोलणं, तुटलेली तार, माइकची शिट्टी, कोणीतरी मारलेली हाक, यांची मिनिट-सेकंदासह नोंद करून ठेवा. कोणी "नवा सोर्स सापडला" म्हटलं की आधी टेप उलटल्याची जागा बघायची. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीसच्या आसपास उलटावी लागते आणि तेवढ्यात गाण्याचा तुकडा जातो. दोन प्रतींमध्ये तुकडा अगदी त्याच ठिकाणी गेला असेल आणि टाळ्या वाजवणारा शेजारीही तोच असेल, तर सोर्स नवा नाही, त्याच मूळ टेपची दुसरी शाखा आहे.

मांडवी

इकडे गोव्यात जुन्या कॅसेट मिळतात, पण पावसाळे काढून काढून टेपच्या कडेला पांढरी बुरशी असते. डेकमध्ये घालावी का?

जुना_डेक

अजिबात नाही. बुरशी हेडवर आणि पिंच रोलरवर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवा. बुरशी कोरडी होऊन तिची भुकटी झाली पाहिजे. ओली असताना पुसली तर पसरते. मग उघड्यावर, नाकाला मास्क लावून, टेप हाताने फिरवत धागे न सुटणाऱ्या मऊ कापडातून हलके ओढा. दाब देऊ नका, ताणलेली टेप परत सरळ होत नाही.

जुनं कवच टाकून द्या. स्क्रूची कॅसेट असेल तर पाच स्क्रू काढून दोन्ही गोळे चांगल्या कवचात घालायचे. चिकटवलेली असेल तर शिवणीत पातळ पातं घालून हळूहळू उघडावी लागते. टेपच्या मागे असते ती फेल्टची छोटी गादी नीट बघा. तिचा गोंद सुटून ती पडलेली असते, टेप हेडला टेकत नाही आणि आवाज दबलेला येतो. टेप खराब झाली समजून लोक तिथेच सोडून देतात.

वाजवण्याआधी हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. रबरी रोलरला अल्कोहोल पुन्हा पुन्हा लावू नका, रबर कडक होतं; त्याला साबणाचं सौम्य पाणी पुरतं.

त्यानंतरचं काम अ‍ॅझिमथचं, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन जुळवण्याचं, आणि निम्मी ट्रान्सफर (टेप संगणकावर उतरवण्याची कामं) इथेच वाया जातात. ज्या मशीनवर टेप भरली त्याचा हेड किंचित तिरका असेल तर तुमच्या सरळ हेडवर तिचे वरचे सूर गळून जातात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवरचा एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खूण करून ठेवा. आवाज मोनो करा, टाळ्या किंवा झांज ऐका आणि चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने थोडं थोडं फिरवा. आवाज सगळ्यात उघडा लागेल तिथे थांबा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त सहसा लागत नाही. दुसऱ्या बाजूला टेप पलटली की पुन्हा करायचं.

डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) चा प्रश्न सोडवायला कानच लागतो. डॉल्बी लावून भरलेली टेप डॉल्बीशिवाय वाजवली तर आवाज चरचरीत आणि खरखर जास्त. डॉल्बी न लावता भरलेली टेप डॉल्बीत वाजवली तर झांजा मिटून जातात आणि शांत जागी खरखर श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते. अ‍ॅझिमथ आधी लावा, डॉल्बीचा निर्णय नंतर, कारण वरचे सूर कमी मिळाले की डॉल्बी आणखी चुकतं.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. दोन तासांच्या शोला कच्ची फाइल ४ जीबीच्या जवळ जाते. साध्या वेव्ह फाइलची मर्यादाही ४ जीबीच आहे, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठेवा.

निषाद

रिळं भट्टीत तापवतात ते कॅसेटलाही चालतं का?

जुना_डेक

नाही, कॅसेट तापवू नका. ते सत्तरच्या दशकातल्या, मागे काळा थर असलेल्या काही पॉलिएस्टर रिळांसाठी असतं. त्यांचा गोंद हवेतलं पाणी ओढून चिकट होतो. सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठेक तास, तापमान नेमकं धरणाऱ्या यंत्रात, घरच्या ओव्हनमध्ये कधीही नाही. त्याआधी रीळ उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची, आणि ती तापवली तर कायमची जाते.

खर्ज

ट्रान्सफर झाल्यावर खरखर सॉफ्टवेअरने काढून टाकलेली बरी ना? हेडफोनवर फार त्रास होतो.

तारषड्ज

स्वतःच्या ऐकण्यासाठी हवं ते करा, पण पुढे द्यायची ती कच्ची प्रत. खरखर काढताना झांजेचा विरत जाणारा नाद आणि सभागृहाचा घुमारा त्याच पट्ट्यात असतो, तोही जातो आणि पाण्याखालचा बुडबुडा मागे राहतो. एकदा ते झालं की परत फिरता येत नाही. उद्या चांगलं साधन येतं तेव्हा कच्च्यावरूनच काम होतं.

माइक मिलार्डच्या टेप हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९७० च्या दशकात त्याने नाकामिची ५५० हा उचलून नेता येणारा कॅसेट डेक आणि एकेजीचे माइक व्हीलचेअरमध्ये लपवून नेले. लेड झेपेलिनचा तिथल्या फोरम सभागृहातला २१ जून १९७७ चा शो त्याचाच. गेल्या काही वर्षांत मूळ कॅसेटींवरून नव्याने ट्रान्सफर झाली, तेव्हा आधीच्या प्रतींत किती काही बुजलं होतं ते कळलं. त्याने पिंक फ्लॉइडचा २६ एप्रिल १९७५ चा स्पोर्ट्स अरीनामधला शो टेप केला होता. तो स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने दुरुस्त केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये 'विश यू वेअर हिअर' या अल्बमच्या अधिकृत पन्नाशीच्या संचात आला. प्रेक्षकांतल्या एका माणसाच्या कॅसेटला हा मान मिळाला. लिहितानाही आनंद होतो.

पडघम

+१. आणि हे मिळवताना पाळायचं थोडंसं: पैसे घेऊन विकणाऱ्याकडून घेऊ नका. या जगात देवाणघेवाण फुकट चालते. टपालाच्या काळात कोऱ्या टेप आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं, बदल्यात प्रत यायची. आता टॉरेंटवर असेल तर उतरवून लगेच पळू नका. जुन्या शोला एक-दोनच लोक उरलेले असतात, तुम्ही बंद केलंत की तो शो तिथून गेला. अधिकृत निघालेली गाणी त्यातून काढून टाकायची, हा बहुतेक ठिकाणचा नियम आहे.

निषाद

वेग दुरुस्त केला. हलणाऱ्या रेघेवरून सुरुवातीला ५.४ टक्के निघाले, शेवटी ६.१. आता गाण्यांचे तुकडे केले तर दोन गाण्यांमध्ये बारीक 'टक्' ऐकू येतं.

साडेसात_इंच

तुकडे सीडीच्या फ्रेमवर पडलेले नाहीत. सीडीच्या एका सेकंदात ७५ फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये ५८८ सँपल. तुकडा ५८८ च्या पटीत संपला नाही तर सीडी करताना उरलेली जागा शून्याने भरली जाते, तेच ते 'टक्'. एसएचएनटूल (shntool) या प्रोग्रॅममध्ये 'लेन' चालवा, चुकलेले तुकडे दाखवतो. मग 'फिक्स' चालवा, तो उरलेले सँपल शेजारच्या तुकड्यात सरकवतो, काही गमावत नाही. दुरुस्ती वेव्हवर करा, फ्लॅक त्यानंतर बनवा, आणि एमडी५ व फ्लॅक फिंगरप्रिंट (फाइल बदललेली नाही हे पडताळायचे आकडे) शेवटी काढा, नाहीतर जुने आकडे नव्या फाइलला जुळणार नाहीत.

टेक्स्ट फाइलमध्ये जुनी वंशावळ जशीच्या तशी ठेवा, एक अक्षरही बदलू नका. खाली नवी ओळ जोडा: वेग सुरुवातीला ५.४, शेवटी ६.१ टक्के जलद होता, ६० हर्ट्झच्या हमवरून दुरुस्त केला, तारीख. मूळ प्रतही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ५.४ ते ६.१ हा चढ एकसारखा आहे की टेप उलटल्यावर उडी आहे, तेही मोजून तिथे लिहा. पुढे कोणाकडे याच टेपची आधीची पिढी निघाली तर त्याला ते लागेल.